डब्यात बघ, माझ्या तोंडाकडं नको: शहापूरच्या बाईंचा इंग्रजी क्लास

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. कास्टिंग बाहेरून येतं, आमच्याकडं मशिनिंग होतं आणि पेटीबंद होऊन माल जातो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, टेस्ट सर्टिफिकेट सगळं माझ्या टेबलावरून जातं. शाळा बेळगुंदीला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बेळगावात बी.कॉम. इंग्रजी वाचायला-लिहायला अडत नाही, ईमेल तर रोज वीस-पंचवीस होतात. फोनवर मात्र चूक होत होती आणि ती मला कळतच नव्हती, कारण वाक्य बरोबर असायचं. चुकत होता एकच शब्द, ‘येस’.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला सहा नमुने पाठवायचे होते, एसजी आयर्नची, म्हणजे चिवट बिडाची हाउसिंग (यंत्राच्या भागांवरची कवचं). माल तयार होता, लाकडी पेटी ठोकून झाली होती. फक्त हार्डनेसचा रिपोर्ट लॅबमधून यायचा होता, म्हणून पेटी कुरियरला दिली नव्हती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘सो द सॅम्पल्स हॅवन्ट गॉन आउट येट?’ मी म्हटलं, ‘येस सर.’ माझ्या मनातलं वाक्य पुरं होतं: होय सर, नाही गेले अजून. ते ‘ग्रेट, थँक यू’ म्हणाले आणि फोन ठेवला. उशीर होऊनही रागावले नाहीत म्हणून मला हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ईमेल आला. त्यांनी बुधवारी ट्रायल लावली होती, मशीन मोकळं ठेवलं होतं, दोन माणसं थांबवली होती आणि नमुन्यांचा पत्ता नव्हता. तुम्ही फोनवर गेले म्हणून सांगितलंत, असं त्यात लिहिलं होतं. मी साहेबांसमोर रडकुंडीला आले. मी खोटं बोललेच नव्हते. साहेबांनी विचारलं, नेमकं काय म्हणालीस सांग. मी प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, ‘बरोबरच हाय की मग.’ चूक त्यांनाही दिसली नाही. दोघांनी मिळून माफीचा ईमेल लिहिला आणि नेमकी कशाची माफी मागतोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ती चूक मला दाखवली शहापूरच्या बाईंनी. त्यांच्या क्लासबद्दल लिहायचं दोन महिने मनात होतं.

क्लासला नाव नाही, पाटी नाही. बाई हायस्कूलमधून इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि घराच्या माडीवर शिकवतात. विचारत गेलं की ‘बाईंचा क्लास होय? त्यो बगा, त्या जिन्यानं वर’ असं कुणीही सांगतं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ, दोन महिने, फी चोवीसशे रुपये. आमच्या बॅचला आम्ही चौदा जण होतो. जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकणारी एक नर्सिंगची मुलगी होती. खानापूरकडचे एक निवृत्त हवालदार होते, त्यांना सगळे फौजी काका म्हणायचे, ते आता सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. बैलहोंगलचा एक मुलगा होता, घरी कन्नड. बाकी बहुतेक शहापूर, वडगाव, अनगोळचे.

याआधी मी दुसऱ्या एका क्लासला गेले होते. मोठा फलक, गुळगुळीत पुस्तक, एसीची खोली, फी तिप्पट. तिथं ‘आर यू अ टीचर? येस, आय अ‍ॅम’ यातच महिना गेला. प्रश्न कायम सरळच. नकारी प्रश्न त्या पुस्तकात एकही नव्हता, आणि फोनवर मला रोज येणारे निम्मे प्रश्न तसले. पोहायला शिकवतो म्हणून गुडघाभर पाण्यात उभं करावं, तसं झालं ते. पैसे गेल्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त दुःख याचं की आता इंग्रजी येतं अशा भ्रमात मी तिथून बाहेर पडले.

बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलास, काय अडतंय? मी ते नमुन्यांचं सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, ‘अगं, तू त्या माणसाला होय म्हणालीस. इंग्रजीत माणसाला होय म्हणायचं नसतं, गोष्टीला म्हणायचं असतं.’

मग फळ्यावर लिहून दाखवलं. आपल्यात कुणी विचारलं, ‘जेवला न्हाईस व्हय रे?’ की आपण म्हणतो, ‘व्हय, न्हाई जेवलो.’ तो ‘व्हय’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो: तुम्ही म्हणताय ते खरं. बैलहोंगलच्या मुलाला त्यांनी कन्नडात विचारलं, ‘बंदिल्लेन्री?’ तो लगेच म्हणाला, ‘हौद्री, बंदिल्ल.’ तेच. फौजी काका म्हणाले, आमच्यातबी ‘जी हाँ साब, नहीं आया’ असंच चालायचं. म्हणजे बेळगावच्या रस्त्यावर ज्या तीन भाषा दिवसभर कानावर पडतात, त्या तिन्हींत हीच रीत. इंग्रजीत ‘येस’च्या मागं कायम होकारी वाक्य असतं आणि ‘नो’च्या मागं कायम नकारी. समोरच्यानं प्रश्न कसा का विचारेना. गेले असतील तर ‘येस, दे हॅव’. नसतील तर ‘नो, दे हॅवन्ट’. ‘येस, दे हॅवन्ट’ असं वाक्य इंग्रजीत उभंच राहत नाही. मी नुसतं ‘येस’ म्हणून थांबले, तेव्हा त्या गिऱ्हाइकानं पुढचं ‘दे हॅव’ मनात भरून घेतलं. मी पुढचं ‘नाही गेले’ माझ्या मनात ठेवलं होतं.

इथं बाईंनी एक गोष्ट दाखवली, ती मला आजवर कुठंच वाचायला मिळाली नव्हती. मराठीत आपण खरं तर होय-नाहीवर फारसं विसंबतच नाही. ‘आलास?’ ‘आलो.’ ‘खाल्लंस?’ ‘खाल्लं.’ क्रियापदच उत्तर देतं. म्हणून ‘होय, नाही गेले’ म्हटलं काय आणि ‘नाही, नाही गेले’ म्हटलं काय, घोटाळा होत नाही, शेवटचं क्रियापद सगळं सांगून टाकतं. शिवाय नकाराला आपल्याकडं घरभर शब्द: नाही, नको, नव्हे, नका, नये. बाईंनी पाचही फळ्यावर लिहिले आणि खाली एकच ‘नो’ लिहून पाचांवरून त्याच्याकडं बाण काढले. ‘चहा नको?’ म्हटल्यावर आपण ‘होय, नको’ म्हणू शकतो, कारण ‘नको’ स्वतःच्या पायावर उभा आहे. इंग्रजीत ‘डोन्ट यू वॉन्ट टी?’ला ‘येस’ म्हटलं की कप पुढ्यात आलाच. आपल्याकडं पाच जण वाटून घेतात ते ओझं तिथं एकटा ‘नो’ वाहतो, त्यामुळं तो जागच्या जागी पडायला हवा. हे कळल्यावर माझी भीती निम्म्यानं कमी झाली. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. माझ्या भाषेची चांगली सवय मी चुकीच्या ठिकाणी नेत होते.

पण कळणं वेगळं आणि तोंडात बसणं वेगळं. बाईंचं खरं कसब त्यासाठीच्या सरावात आहे. टेबलावर दोन स्टीलचे डबे असतात, चहा-साखरेचे असतात तसे, झाकण घट्ट बसणारे. एकाच्या झाकणाला पोचा आलेला आहे. एकात शेंगदाणे, दुसरा रिकामा, आणि कुठल्यात काय हे बाई रोज बदलतात. एकेकानं पुढं जायचं, एक डबा उघडायचा. बाई प्रश्न टाकतात. ‘आर देअर पीनट्स इन इट?’ ‘आरन्ट देअर पीनट्स इन इट?’ ‘देअर आर नो पीनट्स, आर देअर?’ ‘देअर आर पीनट्स, आरन्ट देअर?’ कधी डोळे मोठे करून, कधी मान हलवून, कधी अगदी खात्री असल्यासारख्या आवाजात. माणूस हमखास त्यांच्या चेहऱ्याकडं बघतो आणि त्यांच्या सुरात सूर मिसळतो. मग बाई डब्यावर बोटानं टकटक करतात: ‘डब्यात बघ, माझ्या तोंडाकडं बघू नको.’ शेंगदाणे आहेत? मग चारही प्रश्नांना ‘येस, देअर आर’. नाहीत? चारही प्रश्नांना ‘नो, देअर आरन्ट’. प्रश्न बदलला तरी डबा बदलत नाही.

मला आठवतंय, तिसऱ्या दिवशी माझ्या हातात रिकामा डबा होता. बाईंनी इतक्या मायेनं विचारलं, ‘देअर आरन्ट एनी, आर देअर?’ की ‘येस बाई’ माझ्या ओठावर आलं. मी खाली बघितलं. डब्याच्या तळाला दाण्याचं एक लालसर टरफल चिकटलं होतं, बाकी काही नाही. मी त्या टरफलाकडं बघत म्हटलं, ‘नो, देअर आरन्ट.’ आजही फोनवर नकारी प्रश्न आला की मला तो तळ दिसतो.

दुसरी युक्ती फळ्यावरची. प्रश्न खडूनं लिहायचा, त्यातला ‘नॉट’ बोटानं पुसायचा, उरलेल्या सरळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ‘हॅजन्ट द पेमेंट कम?’मधला ‘नॉट’ पुसला की राहतं ‘हॅज द पेमेंट कम?’ आलं नाही, मग ‘नो’. बाईंनी आम्हाला आपापल्या कामाचे प्रश्न लिहून आणायला लावले, प्रत्येकी चाळीस. माझे सगळे डिस्पॅचचे आणि ड्रॉइंगचे, फौजी काकांचे गेटपासचे, नर्सिंगच्या मुलीचे पेशंटचे. ‘हॅवन्ट यू टेकन युवर टॅब्लेट?’ला पेशंट काय म्हणेल आणि त्यातून नर्सनं काय समजायचं यावर एक अख्खा तास गेला. तो तास वाया गेला असं कुणाला वाटलं असेल तर वाटो. रुग्णानं ‘येस’ म्हटलं आणि गोळी राहिली, किंवा दोनदा दिली गेली, तर काय होईल हे त्या मुलीला त्या दिवशी घाम फुटेपर्यंत कळलं.

त्याच मुलीमुळं सगळ्यात सुंदर तास झाला. ती म्हणाली, जर्मनमध्ये नकारी प्रश्नाला ‘नाही कसं, आहे’ असं उलटून सांगायला वेगळाच शब्द आहे, ‘डोख’. बाई म्हणाल्या, फ्रेंचमध्येही आहे, ‘सी’. आणि इंग्रजीतही होता. जुन्या इंग्रजीत दोन नाही, चार शब्द होते. सरळ प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. सोळाव्या शतकाच्या सुमाराला हा भेद विरत गेला आणि दोनच शब्द सगळीकडं चालू लागले. म्हणजे आजचा ‘येस’ मुळात नकारी प्रश्न उलटवण्यासाठीच होता. मग त्यांनी विचारलं, मराठीत आहे का असा शब्द? आम्ही गप्प. बाई फौजी काकांकडं वळल्या आणि म्हणाल्या, ‘काका, आज तुम्ही वही आणली न्हाई व्हय?’ काका पटकन वही उचलून म्हणाले, ‘आणलीय की!’

तोच. आपला ‘की’. दिवसातून शंभर वेळा म्हणतो आपण इथं. ‘येत न्हाईस?’ ‘येतो की.’ ‘पैसे दिले न्हाईस?’ ‘दिलोय की.’ जिथं मनात ‘की’ येतो तिथं इंग्रजीत ‘येस’ येणारच, असं बाईंनी ठरवून दिलं. बेळगावच्या मराठीला पुण्याकडची माणसं नावं ठेवतात, कन्नड हेल आहे म्हणतात. त्या हेलातल्या एका अक्षरानं मला इंग्रजी शिकवलं, याचा मला अभिमान वाटला आणि मी तो घरी जाऊन सगळ्यांना सांगितला.

‘माइंड’चा धडाही नीट दिला. ‘डू यू माइंड इफ वी मूव्ह द कॉल टू सिक्स?’ यात पुसायला ‘नॉट’ नाही, पण शब्दाच्या पोटातच हरकत आहे. हरकत आहे का? नाही. म्हणून ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’. मी आधी अशा प्रश्नांना उत्साहानं ‘येस येस’ म्हणायचे, आणि समोरचा गडबडून ‘ओ, सॉरी’ का म्हणतो ते कळायचं नाही. ‘वोन्ट यू सिट डाउन?’ हा आग्रह आहे, त्याला ‘थँक यू’ म्हणून बसायचं. हे भराभर झालं, जास्त वेळ लागला नाही.

आणि एक सोय सांगितली, जी माझ्या कामात रोज उपयोगी पडते. समोरच्याच्या म्हणण्याला होय म्हणायचंच असेल, तर ‘येस’ वापरू नका, ‘दॅट्स राइट’ वापरा. ‘दॅट्स राइट, दे हॅवन्ट.’ आपला मूळचा ‘होय, नाही गेले’ तिथं अगदी चपखल बसतो. शिवाय एकटा ‘येस’ किंवा एकटा ‘नो’ कधी सोडायचा नाही, मागं शेपूट लावायचंच. ‘नो, दे हॅवन्ट. दे विल गो टुमॉरो.’ उद्या ‘येस-नो’ चुकलं तरी शेपूट सावरून घेतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. छापील नोट्स नाहीत, सगळं फळ्यावरून उतरवून घ्यावं लागतं आणि एक दिवस चुकला की दुसऱ्याची वही मागत फिरावं लागतं. बाहेर मागाची खटखट चालू असते, खिडकीजवळच्या बाकावर मागं बसलं तर बाईंचा आवाज तुटक येतो. पुढचा बाक धरा. मोठी उणीव म्हणजे ऐकण्याचा सराव नाही. बाईंचे उच्चार स्पष्ट, शाळेतले. इंग्लंडच्या माणसाच्या तोंडात ‘हॅवन्ट’मधला शेवटचा ‘ट’ विरून जातो आणि ‘कॅन’ की ‘कान्ट’ यात माझी अजून गफलत होते. ‘नॉट’ ऐकूच आला नाही तर पुसणार काय? यावर बाई म्हणतात, डबा बघ, प्रश्न कसाही असो. ते खरं आहे, पण परदेशी आवाजाची रेकॉर्डिंग ऐकवली असती तर बरं झालं असतं, आणि हे मी त्यांना समोर सांगितलंय. सातव्या आठवड्यात पत्रलेखनावर चार दिवस गेले, ते मला नको होते. नकारी प्रश्नांवर जवळजवळ तीन आठवडे घालवले म्हणून बॅचमधले दोघं कुरकुरत होते, पुढचं व्याकरण कधी, म्हणत. मी त्यांच्या बाजूची नाही. ते तीन आठवडेच मी आज विकत घेईन.

गेल्या महिन्यात त्याच गिऱ्हाइकाचा फोन होता. ‘यू डोन्ट हॅव द रिव्हाइज्ड ड्रॉइंग, डू यू?’ माझ्यासमोर स्क्रीनवर ड्रॉइंग उघडं होतं. मनात आलं, ‘आहे की.’ तोंडातून आलं, ‘येस, आय डू. आय हॅव इट ओपन हिअर.’ साहेब शेजारी उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, त्यानं नाही म्हणून विचारलं, तू होय कसं म्हणालीस? मी त्यांना माझा डबा दाखवला, जेवणाचा, रिकामा, आणि तिथंच उभं करून चार प्रश्न विचारले. दोन चुकले. आता ते पुढच्या बॅचचं विचारतायत.

पुढची बॅच गणपती झाल्यावर आहे. फोनवर नाव घेत नाहीत, स्वतः जाऊन सांगावं लागतं, सहाच्या सुमाराला गेलं तर बाई भेटतात. गोवावेसकडून आलात तर गाडी थोडी अलीकडंच लावा, बोळात फिरवायला जागा नाही. जिना अरुंद आहे आणि पावसाळ्यात निसरडा होतो, चपला खालीच काढा. स्वतःच्या कामात तुम्हाला रोज येणारे दहा प्रश्न लिहून घेऊन जा, बाई पहिल्याच दिवशी मागतात.